चार ठोक्यांमागे एक टक

आवाज पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी बॉनेट उघडलं नाही, डॅशबोर्डखालचा खण उघडला. अप्पा त्यात एक जुनी पत्र्याची विजेरी ठेवायचे आणि गाडी उभी असली की ती अशीच वाजायची. खणात विजेरी नव्हती. एक फडकं, गाडीची वही आणि शाई वाळलेलं पेन. आवाज मात्र चालूच. शिवणयंत्राच्या सुईसारखा, बारीक, कोरडा, एका सेकंदात सहा-सात वेळा. टकटकटकटक.

गाडी १९७८ची प्रीमिअर पद्मिनी. १९७४ पासून या मॉडेलचं नाव पद्मिनी झालं, पण आमच्या घरात ती कायम ‘फियाट’च राहिली. मूळची फियाट ११००, चार सिलिंडर, १०८९ सीसी. गियर स्टिअरिंगजवळच्या दांड्यावर. इंजिन अगदी साधं: कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, वर हेडमध्ये, आणि खालची हालचाल वर पोचवायला मधे पुशरॉड आणि रॉकर. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशी गाडी कधीच पूर्ण गप्प नसते. टॅपेट थोडे वाजतात, फॅनची घरघर असते, मागच्या दाराची काच खड्ड्यात बोलते, पहिल्या गियरला एक विव्हळणारा सूर लागतो. अप्पांना हे सगळे आवाज पाठ होते. गाडी चालवताना ते मधेच हात वर करायचे, की आम्ही मुलं गप्प. दोन मिनिटं कान देऊन म्हणायचे, “काही नाही, बोला.” ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. चालवायला मला येत होतं. ऐकायला येत नव्हतं.

अप्पांची वही मात्र मी पुढे चालू ठेवली होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल. त्यात मी आवाजाबद्दलही इमानेइतबारे लिहीत गेले. “गरम झाल्यावर, उभी असताना जास्त.” “रेस केली की टकटक जलद होते, मग इंजिनच्या आवाजात हरवते.” “चढाला ऐकू येत नाही.” “आठवडाभर उभी होती, आज चालू केल्यावर पहिले काही सेकंद आवाज नाही, मग सुरू.” म्हणजे उत्तर माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होतं. मी हिशेब तपासण्याचं काम करते, दुसऱ्यांच्या वह्यांतली चूक मला दुरून दिसते. स्वतःची वही मी फक्त लिहिली, वाचली नाही.

पहिला उपाय केला तो सांगायला लाज वाटते. जाड ऑइल घातलं. कोणीतरी सुचवलं, मला पटलं, कारण त्यात काहीच उघडावं लागत नव्हतं. आठवडाभर आवाज खरंच दबला आणि मी खूश. मग गरमी वाढली, ऑइल पातळ झालं आणि टकटक परत आली, होती तशीच. दुखणं काय आहे ते न बघता वर पांघरूण घातलं होतं, दुसरं काय. पुढच्या सर्व्हिसिंगला ते ऑइल काढून नेहमीचं घातलं.

मग गाडी गॅरेजला नेली. मिस्त्री अनुभवी, या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. बॉनेट उघडलं, दोन सेकंद ऐकलं.

“टॅपेट आहे ताई.”

“सगळे की एखादा?”

“टॅपेट म्हटलं की आठही बघायचे.”

बघितले. म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातली फट फीलर गेजने मोजून स्क्रूने जुळवली. कव्हर बसवलं, गाडी चालू केली. टकटक होतीच. मिस्त्रींनी मान तिरकी केली, कव्हर परत काढलं आणि सगळे टॅपेट अजून थोडे आवळले. या वेळी गंमत झाली. आठ व्हॉल्व्हची ती हलकी, पसरलेली किटकिट बंद झाली आणि माझी टकटक आणखी ठळक झाली. वर्गातली सगळी मुलं गप्प व्हावीत आणि बाकावर पेन्सिल आपटणारा एकटाच उघडा पडावा, तसं.

मिस्त्रींनी हात पुसले. “मग बिगएंड. इंजिन उतरवूनच बघावं लागेल.”

बिगएंड म्हणजे पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक, जे क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, धरून फिरतं. तिथलं बेअरिंग झिजलं की दर धक्क्याला रॉड क्रँकवर आदळतो, आणि ते तसंच चालवत राहिलं तर एके दिवशी रॉड ब्लॉक फोडून बाहेर डोकावतो. त्यामुळे हा शब्द ऐकला की जुन्या गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो. माझ्याही आला. मिस्त्रींचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना दिवसाकाठी दहा गाड्या बघायच्या असतात, मला एकच. पण “चढाला ऐकू येत नाही” हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “चढाला इंजिनचाच आवाज मोठा असतो ना ताई.” आणि मलाही ते पटलं होतं. घरी येताना पटेनासं झालं. बिगएंड जोर पडल्यावर जास्त ओरडायला हवा. माझा आवाज जोर पडला की पळून जात होता.

म्हणून इंजिन उतरवायच्या आधी मी स्वतःला थोडे दिवस दिले. अप्पांचं वर्कशॉप मॅन्युअल काढलं. त्यातल्या काही पानांवर त्यांच्या बोटांचे काळे ठसे आहेत आणि नेमकी तीच पानं कामाची निघतात.

आधी बेल्ट काढला. फॅन आणि वॉटर पंप बेल्टवरच चालतात, चार्जिंगही त्याच्यावरच. बेल्ट उतरवून इंजिन अर्धं मिनिट चालवलं. त्याहून जास्त नाही, कारण पाणी फिरत नसतं. टकटक जशीच्या तशी. म्हणजे बेल्टवर चालणारं काहीही दोषी नव्हतं. पंधरा मिनिटांच्या कामात यादीतली तीन नावं खोडली गेली. तोवर मला वाटायचं, बिघाड शोधणं म्हणजे दोषी सापडणं. बराचसा वेळ निर्दोष माणसं घरी पाठवण्यात जातो.

मग प्लगच्या वायरी. इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, ठेवून, कोरडा जाड हातमोजा घालून, एकेका प्लगची टोपी काढायची आणि परत लावायची. ज्या सिलिंडरचा बिगएंड वाजतोय, त्याचा प्लग बंद केला की तिथे स्फोट होत नाही, रॉडवर दणका बसत नाही आणि आवाज दबतो किंवा बदलतो. मी चारही करून बघितले. प्रत्येक वेळी इंजिन लंगडलं, पण टकटकीला काडीचा फरक पडला नाही. त्या रात्री मी जरा बरी झोपले.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर. केस बांधून, ओढणी काढून, फॅनपासून लांब उभं राहून. (हे वाक्य सहज वाचून पुढे जाऊ नका. फिरता फॅन दिसत नाही.) या स्क्रू ड्रायव्हरचं फार कौतुक ऐकलं होतं. ऐकू येतं हे खरं, पण सगळीकडेच ऐकू येतं. लोखंडातून आवाज इतका सहज पळतो की टॅपेट कव्हरवर टकटक, ब्लॉकच्या कडेला टकटक, टायमिंग कव्हरवरही टकटक. तिथे ती जास्त वाटली म्हणून दोन दिवस मी टायमिंग चेनच्या, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीच्या, नावाने शंख केला. मॅन्युअलमध्ये चेन बदलायचं पान उघडून, कुठली कुठली अवजारं लागतील त्याची यादीसुद्धा केली.

रबरी नळीचा तुकडा जास्त उपयोगी पडला. एक टोक कानाशी, दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडावर. मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं की गॅस फुसफुसताना हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो आणि माणसं त्यात फसतात. पण तो आवाज बहुधा इंजिन थंड असताना जास्त येतो, धातू तापून फुगला की बंद होतो. माझं उलट होतं. नळीतून काही आलं नाही. अजून एक निर्दोष.

इथे मी अडकले आणि दादाला फोन केला.

दादाला गाडीतलं काही कळत नाही. तो कार्बोरेटरला अजूनही ‘ते पेट्रोलचं भांडं’ म्हणतो. पण तो चाळीस वर्षं तबला वाजवतोय. मी त्याला मोबाइलवर आवाज टिपून पाठवला. एक बॉनेटजवळचा, एक मागे सायलेन्सरच्या नळीशी, आणि एक मधे उभं राहून दोन्ही ऐकू येतील असा. म्हटलं, तुला काय वाटतं सांग. तासाभराने त्याचा फोन.

“अगं, मागचा तो फटफट आवाज कसला आहे?”

“सायलेन्सरचा. इंजिनच्या धक्क्यांचा. का?”

“मी मधलं रेकॉर्डिंग चौपट हळू केलं. तुझ्या एका टकीत ते फटफट चार वेळा येतं.”

“चार? नक्की?”

“चौगुन आहे ती, बाई. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही मात्रा इकडची तिकडे नाही.”

“दोन तर नाही ना? दुगुन?”

“चाळीस वर्षं काय करतोय मी?”

फोन ठेवला आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर गणित मांडलं. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात. म्हणजे सायलेन्सरमधून क्रँकच्या एका फेऱ्याला दोन धक्के. टक जर क्रँकच्या फेऱ्यागणिक एक असती, तर सायलेन्सर तिच्या दुगुनीत वाजला असता. तो चौगुनीत होता. म्हणजे क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा टक एकदा वाजते. आणि इंजिनात क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरतो तो कॅमशाफ्ट.

सेकंदाचा हिशेबही जुळला. आयडलिंगला क्रँक साधारण ८०० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट ४००, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या वर. मी पहिल्या दिवशी वहीत ‘सहा-सात’ लिहिलंच होतं.

टायमिंग लाइट असेल तर तबलजी भाऊ लागत नाही. तो एक नंबरच्या प्लगच्या वायरीला लावला की तो प्लग पेटेल तेव्हा चमकतो, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा. एका चमकेला एक टक पडली तर कॅमशाफ्टच्या घराण्यातला आवाज, दोन पडल्या तर क्रँकच्या. मी नंतर तसंही करून बघितलं. टक प्रत्येक चमकेबरोबर यायची, समेवर टाळी पडावी तशी. पण दादाने आधी सांगितलं होतं, हे त्याच्या वतीने नोंदवून ठेवते. तो हे वाचणार आहे.

एक मेख मात्र राहते. एकाच सिलिंडरचा बिगएंड, किंवा सैल पिस्टन, मुख्यतः स्फोटाच्या वेळीच आदळत असेल, तर तोही दोन फेऱ्यांत एकदाच वाजल्यासारखा वाटू शकतो. म्हणून नुसत्या लयीवर विसंबून चालत नाही. पण प्लगच्या वायरींनी तो प्रश्न आधीच मिटवला होता. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर मार्ग एकच उरत होता.

आता यादी छोटी झाली. निम्म्या वेगाने काय काय हलतं? आठ व्हॉल्व्ह आणि त्यांचं लटांबर, कॅमशाफ्ट स्वतः, प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. आणि चौथं नाव मला मॅन्युअलमधल्या कॅमशाफ्टच्या आकृतीत दिसलं. शाफ्टवर व्हॉल्व्हचे आठ उंचवटे असतात, आणि त्याशिवाय एक जास्तीचा असतो. तो पेट्रोल पंपासाठी.

व्हॉल्व्ह आधी. टॅपेट कव्हर काढून इंजिन आयडलिंगला चालवलं. थोडं ऑइल ठिबकतं, फडकी पसरून ठेवावी लागतात. चालत्या रॉकरच्या फटीत फीलर गेजची पातळ पट्टी सरकवायची. तो टॅपेट वाजत असेल तर पट्टीने फट भरते आणि आवाज मऊ होतो. पण मिस्त्रींनी टॅपेट इतके आवळले होते की माझी पातळ पट्टीसुद्धा दोन ठिकाणी अडली. बाकी सहा ठिकाणी गेली, फरक शून्य. हे ‘अडली’ प्रकरण मी तेव्हा सोडून दिलं. पुढे ते परत आलं.

डिस्ट्रिब्युटरला हात लावला. नुसती थरथर.

मग पेट्रोल पंप. इंजिनच्या बगलेला बोल्टने घट्ट बसवलेली, मुठीएवढी वस्तू, वर काचेसारखी गुळगुळीत झालेली धूळ. मी तर्जनी त्याच्या अंगावर टेकवली. आणि बोटाच्या टोकाला आतून कोणीतरी टिचकी मारत होतं. स्पष्ट, वेगळी, इंजिनच्या थरथरीपासून सुटी. शेजारी ब्लॉकवर बोट ठेवलं तर ती टिचकी विरघळून जायची. परत पंपावर, परत टिचकी. स्क्रू ड्रायव्हरने तीन दिवसांत जे सांगितलं नाही, ते बोटाने दोन सेकंदांत सांगितलं.

पण तोवर मी टायमिंग चेनची यादी करून बसलेली बाई होते, त्यामुळे पुरावा हवा होता. पंपच काढून इंजिन चालवायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल साठलेलं असतं आणि तेवढ्यावर आयडलिंग मिनिटभर तरी चालतं. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. टाकीकडून येणारी नळी काढून तिला बूच मारलं, सांडलेले थेंब पुसून फडकं बाहेर उन्हात टाकलं, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं. पंप काढला की ब्लॉकला भोक उरतं, त्यातून ऑइल उडेल, म्हणून पॅकिंगवरून नक्षा काढून ॲल्युमिनिअमच्या जाड तुकड्याची पट्टी कापली आणि तिथे घट्ट बसवली.

स्टार्टर दाबला.

इंजिन लागलं. आणि टकटक नव्हती. फॅनची घरघर होती, सायलेन्सरची फटफट होती, पण ती शिवणयंत्राची सुई कुठेच नव्हती. मी बॉनेटशी वाकून उभी राहिले, अप्पांसारखाच एक हात वर. दीडेक मिनिटाने फ्लोट चेंबर संपला, इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं, तेव्हा हात खाली घेतला.

पंप टेबलावर आणला. उघडण्यापूर्वी वरच्या आणि खालच्या भागावर कानशीने एक सरळ खूण केली, म्हणजे परत बसवताना तोंडं चुकत नाहीत. स्क्रू सोडवले. आत रबराचा गोल पडदा, म्हणजे डायफ्रॅम, त्याच्याखाली एक मोठी स्प्रिंग, आणि कॅमशाफ्टकडे जाणारा आर्म. या आर्मच्या मागे आणखी एक छोटी स्प्रिंग असते. ती बाहेर आली दोन तुकड्यांत. तुटलेल्या टोकाला चकाकी होती, म्हणजे तुकडे एकमेकांवर बरेच दिवस घासत होते.

या छोट्या स्प्रिंगचं काम एकच: आर्मला कायम कॅमशाफ्टच्या उंचवट्याला टेकवून ठेवणं. ती तुटली की आर्म मोकळा होतो. उंचवटा फिरून येतो आणि त्याला थप्पड मारतो, आर्म मागे पडतो, उंचवटा परत येतो, परत थप्पड. कॅमशाफ्टच्या फेऱ्याला एक.

मग मी वही काढली. “चढाला ऐकू येत नाही.” हा पंप मोठ्या हुशारीने केलेला असतो. आर्म डायफ्रॅमला फक्त खाली ओढतो, म्हणजे पेट्रोल आत खेचतो. पेट्रोल पुढे ढकलायचं काम मोठ्या स्प्रिंगचं. कार्बोरेटर भरलेला असेल तर पेट्रोलला जायला वाट नसते, डायफ्रॅम खाली ओढलेलाच राहतो, आणि आर्म नुसता मोकळा हलत राहतो. आयडलिंगला पेट्रोल थेंब थेंब लागतं, म्हणजे आर्म जवळजवळ पूर्ण मोकळा, आणि त्याला धरून ठेवायला ती छोटी स्प्रिंग सोडून कोणीही नाही. चढाला मात्र इंजिन पेट्रोल ओढत असतं, मोठी स्प्रिंग डायफ्रॅम वर ढकलते, त्याच्याबरोबर आर्मही ओढला जाऊन उंचवट्याला टेकतो. म्हणून चढाला गप्प. आठवडाभर उभ्या गाडीत फ्लोट चेंबर उडून रिकामा झालेला, तो भरेपर्यंत पंपाला खरं काम, म्हणून पहिले काही सेकंद गप्प. गाडी पेट्रोलला कधी अडली का नाही, हेही कळलं. ढकलणारी स्प्रिंग शाबूत होती.

वहीतल्या त्या ओळींखाली मी पेन्सिलने रेघ मारली. उगीच. कोणी तपासणार नव्हतं.

दुरुस्ती फारशी सांगण्यासारखी नाही. स्प्रिंग नवी, आणि पंप उघडलाच होता म्हणून डायफ्रॅमही नवा. जुना कडक झाला होता आणि आताच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरू शकतं, ऑइल पातळ होतं, आणि मग खरोखरीचा बिगएंड वाजायला लागतो. म्हणून मी डिपस्टिक काढून वासही घेतला. नुसत्या ऑइलचा होता. बसवताना एकच काळजी: आर्म पूर्ण दाबून धरायचा आणि मग स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. नाहीतर डायफ्रॅम ताणलेला बसतो आणि लवकर फाटतो.

तुटकी स्प्रिंग कागदात बांधून मिस्त्रींकडे नेली. हिणवायला नाही. बरं, थोडं हिणवायलाही. त्यांनी ती तळहातावर घेतली, नखाने उलटीपालटी केली, म्हणाले, “पंप.” मग काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग गाडीकडे आले, बॉनेट उघडायला लावलं, चालू करायला लावलं, आणि या वेळी पूर्ण मिनिटभर ऐकलं.

“ताई, ही जास्तच गप्प आहे.”

“म्हणजे?”

“टॅपेट मी आवळले होते ना तुमच्या टकटकीसाठी. सैल करून घ्या. व्हॉल्व्ह जळेल.”

ती अडलेली पट्टी मला तेव्हा आठवली. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट कमी ठेवली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली उष्णता बसल्या जागी हेडला देऊन थंड होत असतो. बसलाच नाही तर त्याची कड जळते. मिस्त्रींनी स्वतःहून सांगितलं, हे मी विसरणार नाही. “आणा, करून देतो,” असंही म्हणाले. मी म्हटलं, “यावेळी मी करते, चुकलं तर आणते.”

रविवारची सकाळ, इंजिन गार. मॅन्युअलमधलं ते काळ्या ठशांचं पान. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलायला लागले, म्हणजे एक उघडतोय आणि दुसरा मिटतोय, की एक नंबरचे जुळवायचे. एक डुलला की चारचे. तसेच दोन आणि तीन. पट्टी फटीत सरकवायची, ती ताज्या लोण्यासारखी सुळकन जाताही कामा नये आणि अडताही कामा नये, किंचित धरून सुटली पाहिजे. नट आवळताना स्क्रू फिरतो आणि फट बदलते, म्हणून परत मोजायचं. आठ टॅपेटना मला अडीच तास लागले. अप्पांना किती लागायचे ते आठवत नाही, पण ते करताना शीळ वाजवायचे.

कव्हर लावलं, गाडी चालू केली, गरम होऊ दिली आणि आवाज टिपून दादाला पाठवला. त्याने लगेच फोन केला.

“अगं, अजून टकटकतेय की!”

“हो. पण ही आठ जणांची आहे. थोडी थोडी.”